सीडीवरचं कागदी लेबल: काढायचं की नाही, आणि काढायचंच तर कसं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या वाचनालयाच्या कपाटात 64 डिस्क आहेत, बहुतेक सीडी आणि पंधराएक डीव्हीडी. 1998 मध्ये, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या सुवर्णमहोत्सवात, तुमच्याकडच्या एका गुरुजींनी अंबाजोगाईच्या आसपासच्या म्हाताऱ्या स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलाखती घेतल्या. आधी टेपरेकॉर्डरवर, नंतर कॅमेऱ्यावर. 2004 च्या सुमाराला त्या डिस्कवर उतरवल्या आणि प्रत्येकीवर पूर्ण गोलाकार कागदी लेबल चिकटवलं. आता काही लेबलांना फुगे आलेत, काहींच्या कडा उचलल्यात, आणि चार डिस्क ड्राइव्हमध्ये नुसती घरघर करतात. कुणी म्हणतं पाण्यात भिजत घाला, कुणी थिनर सांगतं, कुणी हेअर ड्रायर.

उत्तर आधी, कारण मागून. जी डिस्क आज वाचली जाते तिच्या लेबलाला हात लावायचा नाही, फुगे कितीही असोत. आधी आतलं सगळं संगणकावर उतरवायचं. लेबल काढायचं ते फक्त अशा डिस्कचं, जी लेबलापायीच वाचली जात नाही. आणि काढायचं म्हणजे ओढायचं नाही, हे सीडीच्या बाबतीत तरी पक्कं धरा.

आपल्याकडं ज्वारीच्या फडात पाखरं हाकायला दोरीला सीड्या टांगतात, तुम्ही पाहिल्या असतील. उन्हा-पावसात काही महिने फिरल्या की त्यांची चांदी पापुद्र्यांनी गळते आणि काचेसारखी आरपार चकती तेवढी उरते. कधी धुऱ्यावर थांबून अशी एखादी हातात घेऊन बघा. चांदी खालच्या चकचकीत बाजूनं गेलेली नसते, वरच्या, म्हणजे लेबलाच्या बाजूनं गेलेली असते. बहुतेकांचा घोळ इथंच होतो. आपण खालची बाजू तळहातावरच्या फोडासारखी जपतो आणि वरच्या बाजूवर बिनधास्त बॉलपेननं लिहितो.

सीडी 1.2 मिलिमीटर जाड असते आणि ती जवळजवळ सगळी जाडी पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची. खालून येणारा लेसर हे सगळं प्लास्टिक ओलांडून पार वर जातो. तिथं, अगदी छताला लागून, घरी लिहिलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, त्यावर चांदीचा आणि त्यावर लाखेसारख्या वार्निशचा. हे वार्निश साधारण 5 ते 10 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा धरा. तुमचं लेबल त्या वार्निशवर चिकटलेलं आहे. पेढ्यावरचा वर्ख आठवा. त्यावर सेलोटेप लावून ओढली तर वर्ख पेढ्याला धरून राहील की टेपला? सीडीत वर्खाबरोबर रंगद्रव्यही निघतं, आणि मजकूर त्या रंगद्रव्यातच असतो. मग कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. कारखान्यात छापलेल्या सीडीची गोष्ट जराशी वेगळी, तिचा मजकूर बारीक खड्ड्यांच्या रूपात प्लास्टिकमध्येच उमटलेला असतो. पण त्या गाण्यांच्या-सिनेमाच्या, दुसरी प्रत कुठंतरी मिळते. तुमच्या मुलाखतींची दुसरी प्रत नाही.

डीव्हीडी या बाबतीत दणकट. तिच्यात 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि मजकुराचा थर त्यांच्या मधोमध असतो. लेबलाखाली अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त प्लास्टिक आहे म्हटल्यावर लेबल काढताना मजकूर थेट उचकटत नाही. तिचं दुखणं निराळं. ती वाकलेली खपवून घेत नाही. सीडीवर मजकुराच्या गोल फिरणाऱ्या दोन ओळींमधलं अंतर 1.6 मायक्रॉन, डीव्हीडीवर 0.74. ओळी एवढ्या दाट असल्या की डिस्क जराशी तिरकी झाली तरी लेसरचा नेम चुकतो. कागद पावसाळ्यात ओल धरतो, उन्हाळ्यात आकसतो, प्लास्टिक त्याच्या तालावर हलत नाही, आणि डिस्क ताटलीसारखी किंचित वाकते. 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, माझ्या दुकानातल्या पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेल्या लेबलवाल्या डीव्हीडी महिनाभरात अशा वळल्या होत्या की टेबलावर ठेवल्या तर डुगडुगायच्या. (ब्लू-रे असेल तर तिचा थर खालच्या बाजूला, पृष्ठभागापासून अवघ्या 0.1 मिलिमीटरवर असतो. तुमच्याकडं ती नाही, म्हणून सोडून देतो.)

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण हे सगळं मी तिच्यातूनच शिकलो. 2006 सालची गोष्ट. औशाकडचं एक गिऱ्हाईक बहिणीच्या लग्नाची व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ उतरवलेली सीडी, घेऊन आलं. लेबलाची बाहेरची कड उचललेली, प्लेअरमध्ये घातली की थडथड आवाज. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! नखानं कड धरली आणि सरळ ओढली. बोटभर कागद छान निघाला. माझा पोऱ्या शेजारी उभा होता, तो ओरडला, “दादा, चांदी बी निघूलाली की वो!” डिस्क ट्यूबलाइटसमोर धरली तर बाहेरच्या कडेला अंगठ्याएवढी खिडकी पडलेली. मूळ कॅसेट तोवर दुसऱ्या लग्नाला वापरून झाली होती, तेव्हा सगळेच तसं करायचे. जे वाचलं ते डिस्कच्या रचनेमुळं. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. म्हणून हळद वाचली, मंगलाष्टका वाचल्या, आणि पाठवणी गेली. त्या माणसानं पैसे परत घेतले नाहीत, काही बोललाही नाही. तेच जास्त लागलं.

त्यातला कामाचा धडा असा की डिस्कची बाहेरची कड ही सगळ्यात नाजूक जागा. वार्निश तिथं कडेपर्यंत येऊन चांदीला सील करतं. नख तिथं घातलं की तरफ लागल्यासारखं सगळं वर उचलतं. आणि मध्याजवळची जागा सगळ्यात मोलाची, कारण साधारण 46 मिलिमीटर व्यासापासून अनुक्रमणिका सुरू होते. ती गेली तर पुढचा मजकूर शाबूत असूनही साधा ड्राइव्ह डिस्क ओळखतच नाही.

म्हणून काम कुठून सुरू करायचं? लेबलांच्या फोटोपासून. स्कॅनर असेल तर उत्तम, नाहीतर खिडकीच्या उजेडात मोबाईलनं. गुरुजींच्या अक्षरातलं नाव, गाव, तारीख बहुतेक वेळा फक्त त्या लेबलावरच असते. मी एका संस्थेच्या डिस्क उतरवून दिल्या तेव्हा आवाज सगळे आले, पण कोणाचा कोणता हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. फोटोच्या फाईलला डिस्कचाच क्रमांक द्या.

मग वाचन. जुना डेस्कटॉपचा, ट्रे बाहेर येणारा ड्राइव्ह वापरा. गाडीच्या प्लेअरसारखा फटीतून डिस्क आत ओढणारा अजिबात नको. सुटलेलं लेबल आत अडकलं तर डिस्कही गेली आणि ड्राइव्हही. वेग कमी ठेवा. 52एक्स (एक्स म्हणजे मूळ वेगाच्या तितके पट) वेगाला डिस्क मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, आणि लेबलाचा एक तुकडा निघालेला असला की तोल जाऊन ती घरघर सुरू होते. तुमच्या चार डिस्कपैकी निदान दोन तरी नुसत्या 4एक्स किंवा 8एक्सवर निमूट वाचल्या जातील असा माझा अंदाज आहे. विंडोजवर वेग बांधून ठेवणारी छोटी सॉफ्टवेअर मिळतात, लिनक्सवर ‘इजेक्ट’ या कमांडलाच वेगाचा आकडा देता येतो. एका ड्राइव्हला जमलं नाही तर दुसरा लावून बघा. दोन ड्राइव्हची नजर सारखी नसते. भंगारातून दीडशे रुपयांना आणलेल्या ड्राइव्हनं नव्याला न जमलेली डिस्क वाचल्याचं मी कितीदा पाहिलंय.

वेळेचा हिशेब सांगतो. 80 मिनिटांची भरलेली सीडी 8एक्सवर दहा मिनिटांत उतरते, डीव्हीडी 4एक्सवर चौदा-पंधरा मिनिटांत. सगळ्या 64 मिळून बारा तासांचं काम. आकार जास्तीत जास्त शंभर-एकशेपाच जीबी, 128 जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावेल. रोज दुपारी दोन तास बसलात तर आठवड्यात संपेल.

उतरवायची पद्धत मात्र डिस्कच्या प्रकारावर. साध्या फाईलींची डिस्क किंवा डीव्हीडी असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ हे सॉफ्टवेअर वापरा. ते खराब जागा ओलांडून आधी चांगला भाग उचलतं आणि कुठं काय राहिलं याची मॅपफाईल ठेवतं, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून नको. आपल्याकडं हा गुण फार मोठा. गाण्याच्या पद्धतीची ऑडिओ सीडी असेल तर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’. आणि 2004 चं काम म्हणजे व्हीसीडी असणारच, तिथं जरा जपा. व्हीसीडीत ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ फाईल असते. तिचे सेक्टर, म्हणजे मजकुराचे ठरावीक आकाराचे तुकडे, साध्या डेटा सीडीपेक्षा वेगळे, 2048 ऐवजी 2324 बाइटचे, कारण चित्रासाठी जागा मिळावी म्हणून चूक दुरुस्तीचा शेवटचा थर त्यातून काढून टाकलेला असतो. त्यामुळं नेहमीच्या पद्धतीनं तिची प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाईलमधली नक्कल, घेतली तर अर्धवट येते, आणि साधं कॉपी-पेस्ट एका ओरखड्यावर अडून बसतं. ‘आयसोबस्टर’सारखं सॉफ्टवेअर ते नीट काढतं.

इथपर्यंत आलात की साठाच्या आसपास डिस्क पार पडलेल्या असतील. त्यांची लेबलं तशीच राहू द्या. आता ती काढून मिळणार काहीच नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनं 2003 मध्ये डिस्क हाताळण्याची मार्गदर्शिका काढली, तिच्यातही हेच आहे: दीर्घकाळ ठेवायच्या डिस्कवर लेबल लावू नका, आणि लावलं असेल तर सोलायला जाऊ नका.

उरलेल्या अडेल डिस्कसाठी पहिला उपाय लेबल न काढण्याचाच. फुगा असेल तर डिस्क स्वच्छ सुती कापडावर ठेवा, वर दुसरं कापड आणि त्यावर शब्दकोशासारखे दोन जाड ग्रंथ, रात्रभर. ग्रंथालयात त्यांना तोटा नाही. नवा गम, फेव्हिकॉल काही लावू नका. कड उचललेली असेल तर जेवढा कागद हवेत आहे तेवढाच लहान कात्रीनं कापा, कात्रीचं टोक डिस्कला न टेकवता. चिकटलेला भाग आहे तसाच. मग 4एक्सवर पुन्हा वाचून बघा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त डिस्क इथंच मान तुकवतात आणि वाचल्या जातात.

तरीही नाही जमलं तर लेबल काढायचं. त्याआधी चार-पाच रद्दी सीड्यांवर हात बसवा, खरंच बसवा.

पाणी कोमट घ्या, गरम नको. आणि बोअरचं नको, आपल्या बोअरच्या क्षारानं पांढरे डाग पडतात आणि ते पुसताना ओरखडे. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर मिळतं, ते चांगलं. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. डिस्क मऊ कापडावर लेबल वर करून ठेवा. ती पाण्यात बुडवायची नाही, कारण कडेनं पाणी आत शिरलं तर चांदी काळवंडते. कापसाचा बोळा भिजवून, पिळून, लेबलावर ठेवायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. कागद फुगून मऊ पडतो. मग अंगठ्याच्या पोटानं, नखानं नव्हे, हलकं चोळायचं, म्हणजे भिजलेल्या पोस्टरसारख्या त्याच्या वळ्या निघतात. मधल्या भोकाजवळच्या आरपार कडीपासून सुरुवात करा, तिथं चांदी नसते, चुकलं तरी चालतं. बाहेरची कड सगळ्यात शेवटी. सुकायला लागलं की पुन्हा बोळा. एका सीडीला मला पाऊण तास लागतो, आणि मध्ये चहा घेतला तर बरंच, घाई कमी होते.

कागद गेला तरी गम राहतो. सीडी असेल तर माझा सल्ला, पातळ आणि सारखा पसरलेला गम तसाच राहू द्या, त्याच्यावर कागदाची अगदी पातळ साय राहिली तर आणखी चांगलं, डिस्क ट्रेला चिकटत नाही. चिकट गोळे असतील तेवढेच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढा. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडं ते ‘आयपीए’ म्हणून मिळतं. कापडाच्या टोकाला लावून एका वेळी रुपयाच्या नाण्याएवढी जागा, आतून बाहेर सरळ रेषेत पुसायचं. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा ओळीच्या दिशेनं जातो, आणि सीडीची चूक-दुरुस्ती ओळीवर सलग अडीच मिलिमीटरच्या आसपासच निभावून नेते. आडवा ओरखडा प्रत्येक ओळीला फक्त छेदून जातो, तो तिला सहज पचतो. डीव्हीडीचा गम पूर्ण काढला तरी हरकत नाही, फक्त ती वाकवायची नाही, दोन चकत्या सुटतात.

काम चालू असताना कापसावर चांदीचा एक कण जरी दिसला तर तिथंच थांबा. बाकीचं लेबल सोडून द्या, डिस्क वाळू द्या आणि जेवढं वाचता येतं तेवढं वाचून घ्या. चकचकीत प्लास्टिकचा थर असलेलं लेबल असेल आणि पाणी आत मुरतच नसेल, तर सीडीवर हात टाकूच नका. त्याला चिरा पाडणं म्हणजे चांदीला चिरा पाडणं.

थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांतलं काहीही नको. पॉलिकार्बोनेट त्यानं विरघळतं किंवा दुधट होऊन तडकतं. हेअर ड्रायरनं गम मऊ होतो हे खरं, पण त्याच्याबरोबर डिस्क वाकते आणि रंगद्रव्याला उष्णता मुळीच सोसत नाही. खोबरेल तेल डिस्कच्या डबीवरची किमतीची चिठ्ठी काढायला फार छान, डिस्कवर नको. सॅनिटायझरही नको, त्यातल्या ग्लिसरीनचा थर बसतो.

वाळवायची सावलीत, उभी, पूर्ण एक दिवस. मग सगळ्यात कमी वेगानं एकदाच वाचायची. पुढं ओळख म्हणून मधल्या आरपार कडीवर पाण्याच्या शाईच्या मार्करनं नुसता क्रमांक टाका, बाकी माहिती वहीत आणि फाईलमध्ये.

त्या चार घरघरणाऱ्या डिस्कपैकी ज्यांच्या खालच्या बाजूनं बघितल्यावर कडेला मळकट, ढगाळ डाग दिसतो, त्या तुम्ही करू नका, लातूरला घेऊन या. पोस्टानं नको. डबीत, उभ्या, दोन्ही बाजूंनी कापड लावून आणा, आणि एसटीत खिडकीकडच्या उन्हात पिशवी ठेवू नका.